ओरड्याची गाडी

त्या गायकाचं खरं नाव आमच्या रस्त्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. मला होतं. कॅसेटच्या कागदावर ते इंग्रजीत छापलेलं होतं आणि बारावीपर्यंत शिकल्यामुळे मला ते अक्षरं लावून वाचता आलं. पण मीही ते कधी घेतलं नाही. लोक त्याला ओरड्या म्हणत, म्हणून मीही ओरड्या म्हणत गेलो, आणि माझ्या जीपला सगळे ओरड्याची गाडी म्हणत गेले.

खोडाळा, मोखाडा आणि पुढे जव्हार, अशी माझी गाडी चालायची. अजूनही चालते. जीप गेली, दुसरी गाडी आली, रस्ता रुंद झाला, पण चालवणारा मीच आहे आणि गाणीही तीच आहेत. नवीन माणूस बसला की विचारतो, हे काय लावलंय, दुसरं काही नाही का. जुने प्रवासी माझ्याआधी उत्तर देतात. या गाडीत हेच असतं, बसायचं तर बसा. लोकांना वाटतं मला त्या गाण्यांचं वेड आहे. तसं नाही. वेड त्यांना आहे. मी ती गाणी का बंद करत नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. यंदा सांगावं लागलं.

कॅसेट माझी नव्हती. धरणाच्या पाहणीसाठी मुंबईहून एक साहेब आले होते आणि एक हंगामभर माझी जीप त्यांच्या दिमतीला होती. ते पुढच्या सीटवर बसत, खिशातून कॅसेट काढून टेपमध्ये घालत आणि डोळे मिटून घेत. अमेरिकेतला कुणी काळा गायक, जुन्या काळचा, आणि त्याची गाजलेली गाणी एकत्र केलेली ती कॅसेट. मी एकदा विचारलं होतं, साहेब, हा एवढा काय ओरडतो. ते म्हणाले, यांच्या प्रार्थनेत देवाला अशी हाक मारतात, यानं तीच हाक बाईला मारली. एवढंच सांगितलं आणि परत डोळे मिटले.

त्यांचं काम संपलं त्याच सुमारास माझ्या टेपचं कॅसेट बाहेर काढायचं बटण मोडलं. कॅसेट आत अडकली. साहेब म्हणाले, राहू द्या, तुम्हाला आठवण. टेप आपोआप बाजू बदलणारा होता. एक बाजू संपली की खट् करून दुसरी सुरू व्हायची, ती संपली की पुन्हा पहिली. टेप खोलून कॅसेट काढता आली असती. मोखाड्यात दुरुस्ती करणारा होता. पण काढायला टाकायची म्हणजे दिवसभर गाडी उभी ठेवायची, म्हणून आज नको, उद्या नको, असं चाललं आणि तेवढ्यात लोकांना सवय झाली.

तेव्हा प्रत्येक जीपमध्ये गाणी असत, पण सगळ्यांकडे तीच, हिंदी सिनेमाची, त्या वर्षी जी चालत असतील ती. डोळे मिटून ऐकलं तर कुठली गाडी कुणाची ते कळायचं नाही. माझी कळायची. ओरड्या सुरू करताना हळू करायचा, शेजारच्या माणसाशी बोलावं तसा. मग ढोल यायचा, मग बाजे, आणि मग तो वर जायचा तो अशा जागी जाऊन थांबायचा की वाटावं आता आवाज फाटला. फाटायचा नाही. मागे दोन-तीन बाया असायच्या, त्या त्याचं शेवटचं उचलून परत म्हणायच्या. आमच्याकडे लग्नात एक बाई गाणं सांगते आणि बाकीच्या झेलतात, अगदी तसं. त्यामुळे असेल, पाड्यावरच्या बायांना तो परका वाटला नाही. भात लावताना त्या कॅसेटमधल्या बायांचा भाग म्हणायच्या. शब्द नव्हतेच, नुसता आवाज. पण जागा चुकायची नाही.

आणखी एक गोष्ट. ओरड्याचं एकही गाणं संपत नाही. तो गातच असतो आणि आवाज हळूहळू लहान होत जातो, चालत चालत लांब गेल्यासारखा. पोरं विचारायची, तो जातो कुठं. एक म्हातारा म्हणायचा, कुठं जातोय, खोडाळ्याच्या बाजाराला जातोय, यायचा परत.

आता त्या वळणाचं सांगतो.

मोखाड्याकडून खोडाळ्याला जाताना रस्ता एका डोंगराला वळसा घालतो. वळणाच्या वर, चढावर, एक पाडा आहे. पंधरा-वीस घरं, वरई-नागलीची आणि थोडी भाताची शेती, आणि दिवाळीनंतर मजुरीला बाहेर. पाड्यावरून रस्त्यावर यायची पायवाट उतरणीची आहे, पण लांब आहे. जीपला ठरलेली वेळ नसते, भरली की निघते. म्हणून लोक रस्त्यावर येऊन उभे राहत. त्या वळणाला सावलीला एक झाड नाही. बाया डोक्यावर टोपल्या घेऊन, कडेवर पोरं घेऊन, उन्हात उभ्या. मला ते बघवत नसे. पाड्याच्या दोन्ही अंगांना दरी आहे, आणि कुठल्याही बाजूनं येताना दरीच्या पलीकडच्या वळणावर गाडी आली की आवाज सरळ पाड्यावर जातो, हे माझ्या लक्षात आलं होतं. तिथून वळसा घालून गाडी खाली यायला लागतो तेवढा वेळ पायवाट उतरायला पुरतो. मी सांगितलं, उगाच उन्हात उभे राहू नका. ओरड्या ऐकू आला की घर सोडा, मी उभा राहीन. मागच्या दाराला दोन मोठे स्पीकर बसवून घेतले आणि पलीकडच्या वळणावर आवाज पूर्ण सोडायला लागलो.

ही युक्ती माझी. तिचा मला अभिमान होता, हेही लिहून ठेवतो.

लोक त्यावर चालू लागले. गाणं आलं की निघायचं, गाणं नाही तर घरी आपलं काम करायचं. दुसऱ्या जीपचा आवाज आला तरी कुणी उतरायचं नाही, कारण दुसरा कुणी थांबायचा नाही. पाड्यावर म्हणायला लागले, ओरड्या खोटं बोलत नाय.

त्या पाड्यावर माझ्या वयाचा एक जण होता. वीटभट्टीवर जायचा, परत आला की मिळेल ती मजुरी करायचा. त्याची नुकतीच लग्न होऊन आलेली बायको करवंदं, चारोळी घेऊन बाजाराला यायची. ती मला भाऊ म्हणायची, कारण तिला भाऊ नव्हता. तोंडानं फटकळ. एकदा गाडीत चढताना म्हणाली, भाऊ, तुझा ओरड्या नसला तरी तुझी गाडी मला समजंल, चढावर म्हाताऱ्यासारखी खोकते. नवरा म्हणाला, तिचे कान कुत्र्याचे आहेत. सगळी गाडी हसली, तीही हसली.

पुढच्या उन्हाळ्यात तिचे दिवस भरत आले होते. एका सकाळी मी खोडाळ्याकडे जात असताना नवरा एकटाच वळणावर उभा होता. म्हणाला, पहाटेपासून पोटात दुखतंय, सुईण म्हणते अजून वेळ आहे, पण पोर सरळ वाटत नाही. मोखाड्याला दवाखान्यात न्यायला पाहिजे. आता नेऊ, की परतीला येशील तेव्हा. गाडी खोडाळ्याकडे तोंड करून होती, आत बाजाराची माणसं होती. मी म्हणालो,

"उन्हात आणून ठेवू नको तिला. परतीला गाणं ऐकलं की झोळीत घाला आणि निघा. मी थांबतो."

"थांबशील नं, डायवर?"

"कधी थांबलो नाही का?"

तो वर गेला.

खोडाळ्यात माझ्यासाठी पाहुणे बसलेले होते. माझ्या लग्नाचं चाललं होतं. मुलगी जव्हारची, वडील कचेरीत कारकून, घर पक्कं. आम्ही डोंगरातले शेतकरी. हे स्थळ आम्हाला वरचं होतं. मुलीचे वडील आणि चुलते कुणाकडे तरी आले होते आणि परत जाताना मुलाच्याच गाडीनं जाऊ, मुलगाही बघून होईल, असं ठरवलं होतं. मला ते तिथं पोचल्यावर कळलं. मी शर्ट झटकला, पुढची सीट पुसली आणि त्यांना पुढे बसवलं. मागे त्यांच्याबरोबरची माणसं होती. जागा तशी झाली असती. पाच माणसांच्या जागेत दहा बसवायचो मी.

गाडी सुरू केली तसा टेप सुरू झाला. थोडं अंतर गेल्यावर मुलीचे वडील म्हणाले,

"हे काय लावलंय? कुणी मेलंय का, असं रडतंय ते?"

चुलते हसले. मीही हसलो. मी बटण फिरवून टेप बंद केला.

इथपर्यंत कुणीही केलं असतं. पुढचं माझं आहे. पलीकडचं वळण आलं तेव्हा मला आठवण होती. विसरलो होतो असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगून बघितलं, पण विसरलो नव्हतो. हात बटणाजवळ होता. मी हिशेब केला तो असा, की गाणं लावलं तर हे पुन्हा काहीतरी बोलतील, आणि मग खाली थांबावं लागेल, झोळीतली बाई, तिच्याबरोबर सुईण, सासू, ओरडणं, रक्त, आणि यांना म्हणावं लागेल जरा मागे सरका, जरा उतरा. हे लोक घरी जाऊन काय सांगतील. मग मी स्वतःला म्हणालो, तो काही गाण्याची वाट बघत बसणार नाही, एवढ्या घाईच्या वेळी आधीच रस्त्यावर येऊन थांबला असेल. असला तर थांबू.

पाड्याखालच्या वळणावर कुणी नव्हतं. रस्ता रिकामा दिसला आणि मला हायसं वाटलं.

ते हायसं वाटणं मला अजून जसंच्या तसं आठवतं. बाकीचं धूसर झालंय.

जव्हारला त्यांनी मला जेवायला बसवलं. मुलगी वाढायला आली. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही, बघितल्यासारखं केलं. रात्री तिथंच राहिलो. दुसऱ्या दिवशी खोडाळ्याला जाताना पलीकडच्या वळणावर गाणं पूर्ण सोडलं. खाली नवरा एकटाच आला. दुपारभर गाण्याची वाट बघितली, म्हणाला. मग झोळी करून रस्त्यावर आणली, पण तोपर्यंत दिवस कलला होता. एका ट्रकवाल्यानं नेलं. ती वाचली. पोर गेलं. मुलगा होता.

त्यानं विचारलं नव्हतं, तरी मी म्हणालो, काल गाडी खोडाळ्यातच बिघडली, निघायला रात्र झाली.

तो म्हणाला, "वाटलंच मला. गाणं नाय आलं."

आणि मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बिचारा तू तरी काय करणार, अशा अर्थाचं काही बोलला.

माझं लग्न त्याच घरात झालं. संसार बरा झाला, खोटं कशाला सांगू. सासरे जाईपर्यंत त्या गाण्यांना रडगाणं म्हणायचे आणि मी हसायचो.

पाड्यावर मात्र उलटंच झालं. त्या दिवशी गाणं आलं नाही आणि वाईट झालं, म्हणजे गाणं असलं की चांगलं होतं, असं त्यांनी धरलं. नवरी निघायची तर ओरड्या लावून. बारशाला मला बोलावून गाडी अंगणाजवळ जाईल तितकी न्यायला लावायचे. कुणी पुण्या-मुंबईकडे कामाला निघालं की म्हातारी माणसं सांगायची, ओरड्याच्या गाडीनं जा. दुसऱ्या जीपवाल्यांनी माझ्यासारखी कॅसेट मिळवून बघितली, एकानं तर ठाण्याहून मागवली. पण लोक त्याच्या गाडीला उतरले नाहीत. म्हणाले, ओरड्या तोच आहे, पण माणूस तो नाही.

पुढे एकदा टेपनंच कॅसेटची फीत खाल्ली. जव्हारला मोबाईलच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं कॅसेटचा कागद बघितला, संगणकावर दोन-चार बटणं दाबली आणि तो अख्खा संच काढून दिला. जगात लाखो लोक ऐकतात हे, म्हणाला, जुनं झालं तरी खपतंच. मला ते ऐकून बरं वाटलं की वाईट, सांगता येत नाही. पेनड्राइव्ह घेऊन पाड्याखाली गाडी उभी केली. वरून लोक उतरून आले, ऐकलं आणि नाराज झाले. आवाज फार स्वच्छ होता. कॅसेट जुनी होऊन त्याचा आवाज मध्येच लहरायचा, ते नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, हा ओरड्या नाय, त्याचा भाऊ हाय. आणि गाण्यांचा क्रम बदललेला होता. टाळ्यांचं गाणं आधी आणि रडकं शेवटी, हे कुणाला चालेना. मग तिथंच उभं राहून त्यांनी मला सगळा क्रम सांगितला, कुठल्यानंतर कुठलं, आणि मी पुन्हा जव्हारला जाऊन तसं करून आणलं. मला स्वतःला तो पाठ नव्हता.

एकदा कॉलेजात शिकणारी एक मुलगी पुढे बसली होती. म्हणाली, काका, या गाण्याचा अर्थ माहीत आहे का, तो म्हणतोय की मी चुकलो, दार उघड. मी म्हणालो, असेल. मग पुढच्या गाण्याचा अर्थ ती सांगायला लागली तेव्हा मी आवाज वाढवला.

त्या दोघांना पुढे मुलगी झाली. एकच. ती मला मामा म्हणत मोठी झाली. शाळेला आश्रमशाळेत माझ्याच गाडीनं गेली, सुट्टीला माझ्याच गाडीनं आली. मी तिच्याकडून कधी भाडं घेतलं नाही. तिची आई म्हणायची, भाऊ, असं फुकट नको नेऊस, सवय लागंल. मी म्हणायचो, लागू दे.

यंदा तिचं लग्न ठरलं. जव्हार रस्त्यालगतचा एक पाडा, माझ्याच वाटेवरचा. बाजाराच्या दिवशी बाप मोखाड्याला स्टँडवर आला आणि म्हणाला, नवरी तुझ्या गाडीनं जाणार, आणि मामा म्हणून मागे तू उभा राहायचं. तिच्या आईला भाऊ नाही, म्हणजे तो मान माझा. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

लग्नाच्या चार दिवस आधी किती माणसं न्यायची ते विचारायला पाड्यावर गेलो. अंगणात मांडवाचे बांबू पडले होते. बाप दोऱ्या वळत होता. आई सुपात तांदूळ पाखडत होती. मुलगी तिच्याजवळ बसून मोबाईलशी खेळत होती, नुसतंच, कारण तिथं रेंज लागत नाही. ती म्हणत होती की सासरच्या पाड्यावरही रेंज नाही. काही झालं तर कुणाला कळवायचं.

बाप म्हणाला, त्यात काय. मामाची गाडी तिथूनच जाते की रोज. आणि मग तिला समजावून सांगायला लागला, माझ्यासमोर, दोरी वळता वळता.

"काय दुखलंखुपलं तं रस्त्यावर उन्हात जाऊन बसू नको. घरीच राहा. ओरड्या आयकू आला की निघायचं. गाणं नाय तं समजायचं, गाडी नाय."

मुलगी म्हणाली, "आणि मामा गाणं लावायला विसरला तर?"

"तो नाय विसरत. आजवर विसरला का?"

मी ओट्यावर बसलो होतो. चहाचा कप खाली ठेवला. मला आता मागे उभं राहायचं होतं, मामा म्हणून, आणि माझ्या देखत माझीच युक्ती त्या पोरीला हुंड्यासारखी बांधून दिली जात होती. उद्या ती एखाद्या घरात पडून राहील आणि गाण्याची वाट बघेल. मी काही बोललो नाही तर बघेलच.

मी म्हणालो, तिला असं सांगू नको. मग सगळं सांगितलं. पाहुण्यांचं, बटणाचं, वळणाचं. गाडी बिघडली नव्हती, हे सांगितलं. रस्ता रिकामा बघून हायसं वाटलं, हेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती असं तेव्हा वाटलं, पण ते गाळलं असतं तर बाकीचंही सांगितल्यासारखं झालं नसतं. बोलताना मी मुलीकडे बघत होतो, कारण तिच्या आईबापाकडे बघवत नव्हतं.

आईनं सूप थांबवलं होतं. तिनं मला एकच गोष्ट विचारली.

"दुपारची नं? ऊन डोक्यावर असतानाची?"

"हो."

तिनं मान वळवली, नवऱ्याकडे.

"सांगितलं व्हतं का नाय मी तुला?"

त्याचा दोरी वळणारा हात थांबला. मग तिनंच मला सांगितलं, सुपात बोटं फिरवत, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतेय. आत अंथरुणावर होती ती. गाडीचा आवाज आला. ती म्हणाली, भाऊची गाडी आली, खोकते ती, मला उचला. नवरा दारात होता. म्हणाला, गाणं नाही, म्हणजे त्याची नाही. ती म्हणाली, अरे त्याचीच आहे. सासू म्हणाली, कळा आल्यात, तिला काहीबाही ऐकू येतंय. नंतर पोर गेल्यावरही ती म्हणत राहिली की गाडी आली होती. मग सगळ्यांनी तिला समजावलं की दुखण्यात माणसाला भास होतो. डायवर स्वतः सांगतो, गाडी खोडाळ्याला होती, तो कशाला खोटं बोलेल. तिनंही मग म्हणणं सोडलं.

"मीच म्हटलं, भास असंल," ती म्हणाली. "एवढी वर्षं."

मला वाटत होतं की मी त्यांचं पोर घेतलंय आणि ते एकच ओझं आहे. तिचे कानही मीच खोटे पाडले होते, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि त्या माणसाला मी आता काय दिलं होतं, तेही समोर दिसत होतं. त्याची दोरी हातातच राहिली होती. तो उठला आणि बांबूंकडे गेला. तिथं उभा राहून एक बांबू उचलायचा आणि परत ठेवायचा, असं करत राहिला.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे आता." म्हणजे माफ केलं असं नाही. राहू दे म्हणजे राहू दे. मग मुलीला म्हणाली,

"आयकलंस? गाण्यावर नको जाऊ. गाडी आयक. नाय तं सरळ रस्त्यावर जाऊन उभी राहा, ऊन असू दे नाय तं काय असू दे."

मी विचारलं, नवरीला माझी गाडी आणू की दुसरी बघता. तिनं पुन्हा सूप हलवायला घेतलं.

"आण की. गाणं लाव, नाय तं नको लावू. तुझी नवी गाडी चढावर शीळ घालते. मला कळतंय."

बायकोला मी त्या रात्री सांगितलं. आधी सांगायला हवं होतं. ती भांडी आवरत होती. विचारलं, "बाबांनी बंद करायला लावलं होतं?" मी हो म्हणालो. "आणि तुम्ही केलंत." मी त्यालाही हो म्हणालो. ती पुन्हा भांड्यांकडे वळली. लग्नाला आली आणि आल्या आल्या स्वयंपाकाच्या चुलीकडे गेली, त्या बाईजवळ जाऊन बसली. त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

लग्नात मी मामा म्हणून मागे उभा राहिलो. नको म्हणालो होतो. मुलगी म्हणाली, मग दुसरा मामा आणू कुठून.

नवरीला घेऊन निघालो तेव्हा बाप माझ्या शेजारी पुढे येऊन बसला. चार दिवसांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. मागे नवरी, करवल्या, पोरं. ओरड्या चालू होता, क्रमानं, टाळ्यांचं गाणं झालं होतं. आम्ही दरीला वळसा घालून पलीकडच्या वळणावर आलो. तिथं माझा हात आपोआप आवाज वाढवायला जातो. त्याआधी त्याचा हात गेला. त्यानं आवाज पूर्ण खाली आणला.

गाडी चढत होती. त्यानं मान थोडी खिडकीकडे केली आणि ऐकलं. दरीच्या त्या बाजूला पाडा होता, घरावर अजून मांडव होता, आणि आई घरीच राहिली होती. नवरीबरोबर आईनं जायचं नसतं.

"शीळ घालते खरी," तो म्हणाला.

मी गिअर बदलला. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघं नुसतं इंजिन ऐकत होतो. मागून मुलगी ओरडली, बाबा, ओरड्या का बंद केला. त्यानं हात पुढे करून आवाज पुन्हा वर केला. गाणं बंद झालेलं नव्हतं, आत चालूच होतं. आवाज आला तेव्हा ते शेवटाला आलं होतं आणि तो गात गात लांब चालला होता.